परसातली विहीर मार्चमध्येच तळ दाखवते, करायचं काय?

होळी झाली की या सदराला येणारी पत्रं बदलतात. भिंतीची ओल, गिझरचा पाइप वगैरे मागे पडतं आणि विहीर, बोअर, टँकर सुरू होतं. यावेळी तर इतकी पत्रं आलीत की बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवून फक्त घरच्या पाण्याचेच घेतलेत. शेतीच्या विहिरींची पत्रं मुद्दाम घेतलेली नाहीत, त्यांचा हिशोब वेगळा असतो. नावं कोणाचीच छापत नाही, गावकी-भावकीचे विषय आहेत, उगाच नको.

प्रश्न : काका नमस्कार. आमचं गाव सिन्नर तालुक्यात. घरामागे आजोबांच्या वेळची विहीर आहे, ९ फूट रुंद, ३८ फूट खोल, वरचं १२ फूट दगडी बांधकाम. ते ढासळायला लागलं म्हणून चार वर्षांपूर्वी आतून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. आधी मेपर्यंत पाणी पुरायचं, आता मार्चमध्ये सकाळी जेमतेम २ फूट पाणी असतं आणि ५ एचपीची मोटर ५-६ मिनिटांत हवा ओढायला लागते. घरात ६ माणसं, २ गाई आणि दारात पेरू, चिकू, नारळ मिळून दहाएक झाडं. धाकटा भाऊ म्हणतो विहिरीतच उभं बोअर मारू, चुलते म्हणतात अजून १० फूट खोल घेऊ, आणि एक मशीनवाला ६ आडव्या बोअरचं पॅकेज घेऊन रोज दारात येतोय. कोणाचं ऐकू?

उत्तर : दादा, अजून तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. आधी एक दोरी, एक दगड आणि घड्याळ घ्या.

रात्री ८ वाजता मोटर चालवून विहीर फुटव्हॉल्व्ह (पाण्यात बुडालेलं पाइपचं तळाचं तोंड) उघडा पडेपर्यंत रिकामी करा. दोरीला दगड बांधून सोडा आणि पाणी लागेल तिथे दोरीला गाठ मारा. मग रात्री ११ ला, पहाटे ५ ला आणि सकाळी ८ ला परत मोजा. मधे कोणी एक बादलीसुद्धा काढायची नाही हे घरात बजावून ठेवा, नाहीतर पहाटे कोणीतरी गाईसाठी पाणी शेंदतंच आणि सगळा हिशोब वाया जातो. ९ फूट रुंदीच्या विहिरीत १ फूट पाणी म्हणजे साधारण १८०० लिटर. म्हणजे तुमचे सकाळचे ते "जेमतेम २ फूट" म्हणजे ३६०० लिटर झाले. ६ माणसांना माणशी १०० लिटर धरले तरी ६००, दोन गाईंना पिणं-धुणं मिळून दीडशे. साडेसातशे लिटरचं घर आणि ३६०० लिटरची विहीर, मग पाणी कमी पडतंय ते कुठे? माझा अंदाज असा की गच्चीवर १००० लिटरची टाकी आहे, ती भरली की उरलेलं पाणी पाइप टाकून झाडांना सोडलं जातं आणि ५ एचपीची मोटर तेवढ्या ५-६ मिनिटांत सगळी विहीर उपसून मोकळी होते. ५ एचपी मोटर घरच्या विहिरीला कशाला लागते हेच मला आजवर कळलेलं नाही, बहुतेक शेतावरची जुनी असते म्हणून बसवतात. १ एचपी भरपूर होते.

आता यात एक गंमत आहे जी फार लोकांच्या लक्षात येत नाही. रिकाम्या विहिरीत पाणी सुरुवातीला भराभर चढतं आणि नंतर मंदावतं, कारण विहिरीतलं पाणी वर आलं की बाहेरच्या खडकातल्या पाण्याचा रेटा कमी पडतो. तुमच्या दोरीच्या गाठी बघा, पहिल्या ३ तासांत जेवढं चढलं तेवढं चढायला पुढे ५-६ तास लागले असं दिसलं तर दिवसातून एकदा उपसण्याऐवजी थोडं थोडं तीनदा उपसा आणि जमिनीवर एखादी ३-४ हजार लिटरची टाकी नाहीतर सिमेंटचा हौद करून त्यात साठवा. तीच विहीर, तेच झरे, पण दिवसाचं पाणी जास्त मिळेल. फक्त झरा वरून धार लागल्यासारखा पडत असेल तर हा फरक पडत नाही, त्याला खालच्या पाण्याशी देणंघेणं नसतं.

मे महिन्यात अर्धा फूट चढलं तरी ते ९०० लिटर होतात, माणसं आणि गाई निघतात. झाडांचं काय ते ठिबक लावून बघा.

आता विहिरीच्या कामाकडे वळू. पहिला संशय मला त्या प्लास्टरचा आहे. आपल्याकडची जमीन म्हणजे वर माती, खाली मुरूम, मग कुठे भोकाभोकांचा मांजऱ्या खडक तर कुठे सलग काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मधे कधी लाल गेरूसारखी माती, असे लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. पाणी या सगळ्यात सारखं नसतं. ते मुरमात असतं, मांजऱ्यात असतं, भेगांमध्ये असतं आणि दोन थर जिथे टेकतात तिथल्या फटीत असतं. काळ्या पाषाणात भेग नसेल तर थेंब नसतो. जुन्या लोकांनी बांधकाम कोरड्या दगडात केलं होतं ते सिमेंट परवडत नव्हतं म्हणून नाही, दगडांच्या सांध्यातून पाणी आत यावं म्हणून. तुम्ही प्लास्टर केलंत आणि ती दारं बंद झाली. पण नीट बघा, मार्चमध्ये वरच्या १२ फुटांत तसंही पाणी नसतं, त्यामुळे प्लास्टर तेवढंच असेल तर त्याचा फटका दिवाळी ते संक्रांत एवढाच बसतो. गवंडी मात्र बऱ्याचदा हात लागलाय म्हणून खाली मुरमाच्या पुढे मांजऱ्यापर्यंत सिमेंट फासून ठेवतात, २०-२२ फुटांपर्यंत. तसं झालं असेल तर मार्चचा झराच बुजवलाय असं समजा. दर दोन-तीन फुटांवर ड्रिलने दीड इंची आरपार भोकं पाडून त्यात पीव्हीसी पाइपचे तुकडे बसवा, आतल्या बाजूला किंचित उतार देऊन. एवढ्याने पाणी फुटल्याचं मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय.

मग गाळ. शेवटचा गाळ कधी काढला? पत्रात काहीच नाही त्यावरून बहुतेक आठवतच नसेल. ३८ फूट ही आजोबांनी सांगितलेली खोली, आज दोरी सोडून मोजा, ३४ भरली तर ४ फूट गाळाखाली तळाचे झरे गाडलेत. गाळ मे महिन्यात काढायचा, पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा. आणि हे मात्र हसण्यावारी नेऊ नका, दरवर्षी कुठे ना कुठे विहिरीत उतरलेली माणसं गुदमरून जातात, एक उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. बंद पडलेल्या खोल विहिरीत हवा कुजते. कंदील सोडायची जुनी पद्धत आहे, तो विझला तर उतरायचं नाही हे बरोबरच, पण कंदील पेटता राहिला म्हणजे सगळं ठीक असं नाही, इंजिनाच्या धुराचा विषारी वायू कंदिलाला कळत नाही. डिझेल इंजिन विहिरीत किंवा काठाला लावून माणूस आत सोडायचा नाही म्हणजे नाही. आधी ब्लोअरने हवा खेळवा, कमरेला दोर आणि वर दोन तगडी माणसं.

एवढं करूनही पाणी पुरलं नाही तर मग तिघांच्या सल्ल्यांचा विचार करू.

आडवे बोअर हा तिघांमधला मला सगळ्यात बरा वाटतो, पण ६ चं पॅकेज नको. मशीन विहिरीत उतरवून बाजूच्या खडकात दीड-दोन इंची भोक ६० ते १०० फूट लांब पाडतात आणि फुटावर पैसे लावतात, म्हणून पॅकेजचा आग्रह असतो. विहीर रिकामी असताना बॅटरी घेऊन भिंत बघा, ओल कुठे आहे, शेवाळ कुठे आहे, कोणत्या उंचीवर बारीक धार आहे. त्याच थरात, झरा ज्या अंगाला आहे त्या बाजूला पहिले दोनच घ्या, विहिरीकडे किंचित उतार ठेवून म्हणजे पाणी आपोआप घरंगळेल. दोन्हींतून पाणी आलं तर पुढचं बोला. काळ्या सलग पाषाणात मारलेलं आडवं बोअर म्हणजे दगडातली महागडी नळी. आणि हो, १०० फूट म्हणजे ते तुमच्या कुंपणापलीकडे जाणार, शेजाऱ्याला आधी चहाला बोलवा.

खोल घेण्याबद्दल म्हणाल तर तळाला आत्ता काय आहे त्यावर ठरतं. तळ मांजऱ्यात किंवा भेगाळ खडकात असेल तर ५-७ फूट खाली गेल्याने फायदा होईल. तळाला घणाचा टणटण आवाज करणारा काळा पाषाण असेल तर १० फूट खोली म्हणजे १० फुटांचा हौद वाढला, त्यात रात्रभर झिरपून पाणी जमेल, नवा झरा मिळेलच असं नाही. घराला लागून विहीर आहे, सुरुंग लावायचा तर विचारही करू नका, ब्रेकरने होईल तेवढंच. रुंदी वाढवणं हा चौथा पर्याय कोणी सुचवला नाही ते बरं झालं, रुंदी दुप्पट केली तर साठा चौपट होतो पण झऱ्याचं पाणी थोडंसंच वाढतं, आणि जागा खाते.

उभं बोअर मात्र सगळ्यात शेवटी. भावाला राग येईल पण सांगतो. माझ्या पाहण्यातली एक विहीर आहे, त्यांनी असंच तळाला उभं बोअर घेतलं, ९० फुटांवर जाताच ड्रिलखालून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि विहिरीत होतं ते गुडघाभर पाणीही तासाभरात त्या भोकातून खाली उतरलं. खालचा थर कोरडा होता. विहिरीचा तळ हा भांड्याचा बूड असतो, कधीकधी त्या काळ्या पाषाणामुळेच वरचं पाणी टिकलेलं असतं. त्यांनी नंतर लाकडी गुट्टा ठोकून वरून सिमेंट भरलं तेव्हा कुठे विहीर परत पाणी धरायला लागली. खालच्या थरात दाबाखालचं पाणी असेल तर उलटंही होतं, बोअरमधून पाणी विहिरीत चढतं, पण तुमच्या आसपासच्या बोअरना किती फुटांवर पाणी लागलं आणि ते किती फुटांपर्यंत वर येऊन थांबलं हे विचारल्याशिवाय हा जुगार नको.

प्रश्न : सर, पुण्याच्या जवळ आमचा छोटा बंगला आहे, पालिकेचं पाणी अजून आलेलं नाही. २८० फूट बोअर, साडेसहा इंची, २००९ साली घेतलं तेव्हा दीड इंची पाणी लागलं होतं. मोटर २४० फुटांवर. आता १५ मिनिटं चालली की पाणी बंद. घरात चौघं. फ्लशिंग करू, ४०० फुटांपर्यंत खोल करू की दुसरं बोअर मारू? एकाने हायड्रोफ्रॅक्चरिंग सुचवलंय.

उत्तर : मोटर बंद असताना पाणी किती फुटांवर उभं असतं ते मोजलंत का? साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साधारण साडेसहा लिटरच पाणी मावतं, लक्षात ठेवायला सोपं आहे. समजा पाणी ९० फुटांवर उभं आहे, म्हणजे मोटरच्या वर १५० फूट, ते झाले हजारेक लिटर. दीड एचपीच्या मोटरने ते १५ मिनिटांत संपतं, तुमचं वर्णन याच्याशी बरोबर जुळतं. आता प्रश्न एवढाच की परत भरायला किती वेळ लागतो. ४ तास लागत असतील तर बोअर तासाला अडीचशे लिटर देतंय, दिवसाचे ६ हजार. चौघांना शहरी हिशोबाने माणशी १३५ लिटर धरले तर ५४० लिटर लागतात. म्हणजे बोअर मेलेलं नाही, म्हातारं झालंय, त्याला पळवू नका. टायमर बसवा, १० मिनिटं चालू आणि ३ तास बंद, सोबत ड्राय रनपासून, म्हणजे पाण्याशिवाय कोरडं चालण्यापासून, मोटरला वाचवणारा पॅनल, आणि खाली मोठी टाकी. मोटर जळण्याचा खर्च वाचला तरी टायमरचे पैसे निघतात.

भरायला १२-१४ तास लागत असतील तर मग पुढचं. मोटर वर काढाल तेव्हा आधी पाइप बघा, जोडाशी फुटलेला पाइप वरच्या वर बोअरमध्येच पाणी परत सोडत असतो आणि आपण बोअरला दोष देतो. मग वजन सोडून खोली मोजा. २८० ची २५० झाली असेल तर तळाला गाळ बसलाय किंवा केसिंग (वरची माती-मुरूम ढासळू नये म्हणून बोअरमध्ये टाकलेला पाइप) सटकून वरून मुरूम पडतोय. बोअरचा कॅमेरा सोडणारे आता बऱ्याच ठिकाणी मिळतात, पाणी कोणत्या फुटावरून येतंय ते डोळ्याने दिसतं, माझं मत विचाराल तर पैसे द्यायचेच तर आधी त्याला द्या. गाळ असेल तर फ्लशिंगचा उपयोग होतो, कॉम्प्रेसरच्या हवेने सगळं उसळून वर येतं, भेगांच्या तोंडात बसलेली मातीही निघते. पण पाण्याची पातळीच खाली गेली असेल तर फ्लशिंग म्हणजे रिकामी बाटली धुणं.

हायड्रोफ्रॅक्चरिंग खोटं नाही. केसिंगच्या खाली पक्क्या खडकात रबरी पॅकर फुगवून बोअर बंद करतात आणि खाली जबरदस्त दाबाने पाणी सोडतात, त्याने बुजलेल्या बारीक भेगा उघडतात आणि लांबच्या भेगांशी जोडल्या जातात. आपली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गावोगावच्या हातपंपांच्या बोअरवर हे करत आली आहे. जिथे आधी चांगलं पाणी होतं आणि हळूहळू कमी झालं तिथे आशा असते, सुरुवातीपासून कोरड्या असलेल्या बोअरवर फार भरवसा ठेवू नका. पॅकर धरायला चांगला खडक लागतो, मुरूम ढासळत असेल तर करता येत नाही.

खोल करणं मला पटत नाही. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या या लाव्हाच्या खडकात, जितकं खाली जाल तितक्या भेगा कमी आणि आवळलेल्या. ५०० फुटांवर पाणी लागल्याच्या गोष्टी सगळे सांगतात, ५०० फुटांवर धूळ उडाल्याची गोष्ट कोणी स्वतःहून सांगत नाही. आणि बोअरमध्ये अॅसिड ओतणारे किंवा "छोटासा बार" लावून देतो म्हणणारे आले तर फाटकातूनच परत पाठवा.

प्रश्न : आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटर. विहीर जांभ्यातली, ४५ फूट. पावसात हात घालून पाणी काढता येतं आणि एप्रिलमध्ये खडखडाट. एवढा पाऊस पडूनही असं का? अजून खोल मारावी का?

उत्तर : ताई, ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे खरं पण जांभा म्हणजे चाळण. पाणी जितक्या पटकन आत जातं तितक्याच पटकन खालच्या अंगाने पऱ्याला, व्हाळाला, म्हणजे ओढ्याला जाऊन मिळतं आणि तिथून समुद्र किती लांब ते तुम्हीच लिहिलंय. विहीर तशी वाईट नाही, जमीन पाणी धरून ठेवत नाही.

खोल करण्याआधी एप्रिलमध्ये तळाची माती बघा. जांभाच असेल तर थोडं खाली जायला हरकत नाही. पांढरट-पिवळट चिकणमाती लागायला लागली असेल तर थांबा, ती पाणी धरते पण सोडत नाही, आणि वरच्या जांभ्याला खालून आधार सुटला की विहीर ढासळते, मग रिंगा टाकत बसावं लागतं. दुसरं म्हणजे विहिरीचा तळ समुद्रसपाटीच्या वर आहे की खाली? सड्यावर, म्हणजे वरच्या उंच कातळावर, घर असेल तर काळजी नाही. खाली किनारपट्टीला असाल तर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं आणि हिशोब असा आहे की गोड्या पाण्याची पातळी १ फूट उतरली की खालचं खारं पाणी ४० फुटांच्या आसपास वर सरकतं. तिथे खोल जाणं आणि मोठी मोटर लावणं या दोन्ही गोष्टींनी विहीर कायमची खारी होते. चवीत फरक जाणवायच्या आधी साध्या टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो तो) दर महिन्याला आकडा लिहून ठेवा, चढत चालला की उपसा कमी करा.

करण्यासारखं जे आहे ते विहिरीत नाही, बाहेर आहे. जवळच्या पऱ्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धार चालू असतानाच मातीच्या पोत्यांचा वनराई बंधारा घाला, वाडीतली दहा माणसं एका रविवारी हे काम संपवतात. त्याने विहिरीचं पाणी पंधरा दिवस पुढे गेलं की महिनाभर हे तुमची विहीर पऱ्यापासून किती लांब आणि कोणत्या अंगाला आहे त्यावर. बागेत कलमांच्या वरच्या बाजूने आडवे चर घेतले तरी चालतात, पण घराच्या पाठीमागे उभा उतार असेल तर तिथे चर अजिबात खणू नका, पाणी मुरून तो उतारच खाली यायचा.

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातून लिहितोय. गच्चीचं पाणी पाइपने थेट विहिरीत सोडावं का? गच्ची १००० स्क्वेअर फूट आहे. किती फायदा होईल?

उत्तर : १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी. तुमची गच्ची ९३ चौरस मीटर, पाऊस ६०० मिलिमीटर धरला आणि थोडं वाया जाणार म्हणून ऐंशी टक्केच मोजलं तरी वर्षाला ४५ हजार लिटर, म्हणजे ५ हजारी टँकरच्या ९ खेपा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं ते आठवत असेल, तेव्हापासून हा हिशोब मी भेटेल त्याला सांगतो.

पण थेट विहिरीत सोडायला माझा विरोध आहे, निदान पिण्याच्या विहिरीत तरी. पहिल्या पावसात गच्चीवरची कबुतरांची विष्ठा, धूळ, पानं सगळं उतरतं. पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडायचे, त्यासाठी पाइपला एक टी आणि झाकण एवढंच लागतं. नंतरचं पाणी आधी टाकीत, टाकी भरून वाहिली की ते विहिरीपासून १०-१५ फुटांवर एका खड्ड्यात, ज्यात खाली मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू. मुरमातून गाळून ते विहिरीत उतरेल. खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे, काळ्या चिकण मातीतच संपला तर पाणी तिथेच डबकं करून बसेल आणि डास. अंगणातलं, गोठ्यातलं, रस्त्यावरचं पाणी यात मिसळू द्यायचं नाही. तुमचा संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून कुठे आहे ते लिहिलं नाहीत, तो उताराच्या खालच्या अंगाला आणि निदान ५० फूट लांब हवा, भेगाळ खडकात तर तेवढंही कमीच. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकत चला, १००० लिटरला ५ ग्रॅम, बादलीत कालवून वरची निवळ तेवढी ओतायची आणि अर्धा तास पाणी काढायचं नाही. पावडरीचा डबा उघडा राहिला असेल तर तिचा जोर गेलेला असतो, नवी आणा.

मुरवलेलं पाणी सगळं तुमच्याच विहिरीत राहील अशी अपेक्षा ठेवू नका, खडकाला सातबारा कळत नाही, थोडं शेजाऱ्याकडे जाणारच.

प्रश्न : पाणी कुठे लागेल ते सांगणाऱ्या पाणाड्याला बोलवावं का? हातावरचा नारळ उभा राहतो हे मी स्वतः पाहिलंय.

उत्तर : नारळ उभा राहतो हे मीही पाहिलंय, त्याच जागेवर ३५० फूट कोरडं गेलेलंही पाहिलंय. आपल्याकडे थोडंफार पाणी बहुतेक ठिकाणी कुठल्या ना कुठल्या खोलीवर असतं, त्यामुळे दहातले पाच-सहा अंदाज कोणाचेही बरोबर येतात. काही पाणाडे मात्र खरंच हुशार असतात, ते उंबर कुठे वाढलाय, मुंग्यांची वारुळं कुठे, ओढा कुठून वळतो, बांधावरच्या दगडाचा रंग काय हे सगळं येता येता बघून घेतात आणि मग नारळ काढतात. त्या माणसाच्या नजरेचे पैसे द्या, नारळाचे नको. त्याच पैशात भूवैज्ञानिकाकडून विद्युत रोधकता चाचणी होत असेल तर ती आधी करा, तीसुद्धा शंभर टक्के नसते पण खाली मांजऱ्या आहे की पाषाण याचा अंदाज देते.

प्रश्न : पारनेर तालुका. शेजाऱ्याने आमच्या विहिरीपासून ४० फुटांवर ४५० फूट बोअर घेतलं आणि दोन महिन्यांत आमची पिण्याची विहीर आटली. भांडण करायचं नाहीये, उपाय सांगा.

उत्तर : बोअरला केसिंग किती फूट टाकलंय ते विचारा. बहुतेक ठिकाणी पैसे वाचवायला मुरूम संपेपर्यंत २०-३० फूटच टाकतात, खाली उघडं भोक. मग वरच्या थरातलं, म्हणजे तुमच्या विहिरीचं पाणी त्या भोकात पाझरतं आणि ४५० फूट खाली जाऊन पडतं, शेजाऱ्यालाही ते पूर्ण मिळत नाही, खालच्या कोरड्या भेगा पितात. रात्री दोन्ही मोटरी बंद असताना बोअरच्या तोंडाशी कान लावा, आत पाणी पडल्याचा आवाज येत असेल तर हेच चाललंय. उपाय म्हणजे केसिंग तुमच्या विहिरीच्या तळाच्या १५-२० फूट खालपर्यंत नेऊन बाहेरची फट सिमेंटने बंद करायची. आधीच घेतलेल्या बोअरमध्ये त्यासाठी आतून कमी व्यासाचा पाइप पॅकर लावून सोडतात, जमतं, पण मोटर त्या पाइपात बसेल का ते आधी बघावं लागतं. खर्च निम्मा-निम्मा करा, कारण त्याचंही पडून वाया जाणारं पाणी वाचणार आहे. तुमच्याच भागात हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी ठेवली आणि विहिरी टिकवल्या, त्यामागे हेच साधं गणित आहे. आणि हे बोअर ग्रामपंचायतीच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत येत असेल तर तो कायद्याचा मुद्दा होतो, तेवढं ग्रामसेवकाला विचारून ठेवा. आवाज ऐकायला जाताना शेजाऱ्यालाच सोबत न्या, त्याने स्वतःच्या कानाने ऐकलं की पुढचं बोलणं सोपं जातं.